इमूच्या कुंपणाशी तीन रात्री

शोभानं पाठवलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, कुणीतरी रिकाम्या पिंपावर बोटं आपटतंय. दुसऱ्यांदा मोबाईल कानाला लावून ऐकला. दुम्, दुम्, दुम्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा दुम्. खाली तिचा निरोप होता: ‘विज्ञानाच्या बाई, ओळखा. रात्रीचे अडीच.’

मी चिपळूणजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि पक्ष्यांचा मला नाद आहे. त्यामुळे मोठ्या तोऱ्यात उत्तर पाठवलं, ‘हुमा घुबड.’ तिकडून हसून हसून रडणारे चेहरे आले. ‘घुबड नाही गं. आमच्या सासूबाईंची इमू आहे. नर अंड्यांवर बसलाय. यायचं तर आत्ताच ये, नंतर ही जोडी इथं असेल असं वाटत नाही.’

शोभा आणि मी शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात एका खोलीत राहायचो. ती लग्न होऊन येडशीला गेली त्याला आता पंचवीस वर्षं होतील, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही तिच्या घरी गेले नव्हते. शिवाय गेली दोन वर्षं मला रात्री तीनला जाग येते, कारण सापडत नाही. घरात अंधारात फेऱ्या मारण्यापेक्षा इमू बघत जागलेलं काय वाईट, असा विचार करून मी जानेवारीतली तीन दिवसांची रजा टाकली.

गुरुवार

येडशी स्टेशनवर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. आमच्या कोकणात डोळ्यांना सतत काहीतरी अडतं, माड, डोंगर, कौलं. इथं ज्वारीची कणसं, त्यापलीकडे तूर, त्यापलीकडे बालाघाटाची बुटकी, पिवळी पडलेली रांग, आणि वर नुसतं आभाळ. शोभाचा नवरा बळीराम मोटारसायकल घेऊन आला होता. तो गावातल्या शाळेत कारकून आहे. कमी बोलतो. अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाला, “आईसमोर सोलापूरच्या माणसाचं नाव काढू नका, ताई.”

सोलापूरचा माणूस म्हणजे कोण, ते घरी गेल्यावर शोभानं भाकरी थापता थापता हळू आवाजात सांगितलं. पंधराएक वर्षांपूर्वी या भागात इमू पाळायचं वेड आलं होतं. अंडी, मांस, तेल, सगळ्याला मागणी येणार असं लोकांना वाटलं. मागणी आलीच नाही. कुणी पक्षी कापले, कुणी रात्रीत नेऊन रानात सोडले. शोभाच्या सासूबाईंनी, काशीबाईंनी, दोन ठेवले. ते दोघं शेतावरच्या घरामागं, अभयारण्याच्या हद्दीला लागून जाळीच्या कुंपणात राहतात. आता काशीबाईंचे गुडघे गेले, मेंटेनन्स कोण करणार, म्हणून बळीरामनं सोलापूरकडच्या एका फार्महाऊसवाल्याला जोडी द्यायचं ठरवलंय.

काशीकाकू बाजेवर बसल्या होत्या. सत्तरीच्या, उंच, काठी भिंतीला टेकवलेली. मी पाया पडले तर पाय ओढून घेतले.

“जेवा आधी. मग दाखवते. पर एक सांगते, बापूवर बॅटरी मारायची न्हाय.”

बापू म्हणजे नर. मादीचं नाव ढोलकी.

जेवणात येसर आमटी होती. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. शोभा हसत माझ्या ताटात तूप वाढत राहिली. “भात कुठाय?” असं मी चुकून विचारलं, तर काकू गंभीरपणे म्हणाल्या, “आजारी हाय का तुम्ही?”

जेवणानंतर कुंपणाशी गेलो. चंद्र अर्धा होता. एका बाभळीखाली काळसर ढीग दिसला, पेंढीवर घोंगडं टाकून ठेवल्यासारखा. काकूंनी काठीनं तिकडं दाखवलं. “त्यो बापू. एक्कावन्न दिवस झाले. पाणी न्हाय, दाणा न्हाय, विष्ठा न्हाय. नुसता बसलाय.”

दर वर्षी काकू अंडी काढून घ्यायच्या. गर्द हिरवी, हाताच्या दोन्ही पंजांत मावतील एवढी. एका अंड्यात घरभराची पोळी व्हायची. पण यंदा ऐन वेळी त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर सोलापूरच्या दवाखान्यात होत्या. बळीराम अंडी काढायला गेला तर बापूनं लाथ मारून त्याची मांडी काळीनिळी केली. काकू परतल्या तोवर त्याला बसून चार आठवडे झालेले.

“मग मलाच हात लावू वाटंना,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्सं त्याचं उचलून आणलं आणि त्यो बसायचा न्हाय. यंदा बसला, तर त्याला बसू द्यावं म्हणलं.”

पहिली रात्र

मी घोंगडं गुंडाळून जाळीला लागून बसले. शोभा अकरापर्यंत थांबली, मग डुलक्या घेत घरात गेली.

वाचकांपैकी ज्यांनी इमू फक्त प्राणिसंग्रहालयात दुपारी पाहिलाय त्यांना सांगते, तो पक्षी खरा रात्री कळतो. ढोलकी आधी गुडघ्यांवर बसावं तशी पायांच्या सांध्यांवर टेकली. डोळे मिटले, उघडले, मिटले. मग एकदम सगळी खाली बसली, मान दुमडून पाठीच्या पिसांत घातली आणि पक्षी नाहीसाच झाला. समोर मातीचा उंचवटा राहिला. मला वाटलं आता सकाळीच उठेल. पण दीड तासानं उंचवट्यातून मान वर आली. ती उठली, कुंपणाच्या कडेनं एक चक्कर मारली, चार दाणे टिपले, विष्ठा टाकली आणि पुन्हा बसली. रात्रभरात पाच वेळा. माझ्यासारखीच, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

बापू उठत नव्हता, पण झोपतही नव्हता. अधूनमधून त्याचा ढीग हलायचा, आतून दगडावर दगड घासल्यासारखा आवाज यायचा. तो चोचीनं अंडी फिरवत होता. दोन वाजता ढोलकीनं गळा फुगवला. तो आवाज कानांआधी छातीत शिरला. शोभाच्या मोबाईलमधून आलं होतं ते काहीच नव्हतं. पलीकडे अभयारण्यात कुठंतरी कोल्हे ओरडले, आणि बापूनं घशातून खालच्या सुरात हुंकार दिला.

त्या हुंकारानंतर माझी बैठक मोडली. मी सारखी उठत होते, जाळीच्या कडेनं चालत होते, काय हलतंय बघत होते. दक्षिणेकडच्या कोपऱ्यातला खांब हाताला लागला तर डुगडुगला. सकाळी बळीरामला सांगायचं असं ठरवलं.

शुक्रवार

सांगितलं. तो म्हणाला, “आता कशाला? संक्रांत झाली, हप्त्याभरात न्यायलाच येतील.”

सकाळी शोभानं मला रामलिंगच्या देवळात नेलं. पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. गार सावली, तळाशी ओढ्याचं उरलेलं पाणी, आणि पिशवी दिसली की धावून येणारी माकडं. माझी केळ्यांची पिशवी एका माकडानं हातातून नेली आणि समोरच्या कठड्यावर बसून केळी सोलून खाल्ली. रावणानं जटायूचे पंख छाटले ते इथंच, असं इथली माणसं सांगतात. जटायूची समाधीही दाखवतात. शोभा नमस्कार करत म्हणाली, “आत्याबाई दवाखान्यात जायच्या आधी इथं येऊन गेल्या. गुडघ्यांसाठी आल्या असतील असं मला वाटलं. नंतर बोलल्या, पाखरांसाठी आलते.”

परत आलो तर काकू साडी बदलून दारात उभ्या. शेजारच्या वस्तीवर लग्न होतं आणि रात्री वरात निघणार होती. “चला, नवऱ्याच्या बापाला भेटून येऊ. तेरखेड्याचा माल आणलाय म्हणत्यात.”

तेरखेडा फटाक्यांचं गाव. तिथले फटाके इथल्या लग्नांत उडतातच. काठी टेकत, दर वीस पावलांवर थांबत काकू अर्धा किलोमीटर चालल्या. नवऱ्यामुलाचे वडील मांडवात खुर्च्या लावत होते. काकूंनी सगळं नीट सांगितलं, पाखरू बसलंय, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे.

“काकू, तुमी येवढ्या चालत आलाव,” ते हात जोडून म्हणाले. “वस्तीवर एक बी उडवू देत न्हाय. गावात वेशीपाशी उडवतील.”

माणूस सच्चा होता. रात्री साडेबारापर्यंत त्यानं शब्द पाळलाही. पण वरात परतली तेव्हा तो दमून आत गेला असावा, आणि नवऱ्याच्या मित्रांनी उरलेली पेटी रस्त्यातच पेटवली.

मी तेव्हा कुंपणाशीच होते. आभाळ पांढरं झालं, मग हिरवं. आवाज एवढा की दातांना जाणवला. ढोलकी झोपेतून सरळ उभी राहिली आणि धावत सुटली, एका जाळीवरून दुसऱ्या जाळीवर आदळत. मी “हो, हो, हो” करत दोन्ही हात पसरून पळत होते, त्याचा काय उपयोग होणार होता देव जाणे. तिसऱ्यांदा ती दक्षिणेकडच्या कोपऱ्यावर आदळली. खांब आडवा झाला. ती जाळीत गुरफटली, एक पाय झाडला, तार तुटल्याचा आवाज आला, आणि ती तुरीच्या ओळींतून अंधारात गेली.

मी वळून बापूकडं पाहिलं. त्यानं मान जमिनीवर लांब टाकली होती, सापासारखी. अंग थरथरत होतं. पण तो अंड्यांवरून उठला नव्हता.

बळीराम, शोभा आणि मी शोधायला निघालो. काकू दारात उभ्या राहून ओरडून सांगत होत्या, “बॅटऱ्या लावू नका! बसली असंल तर मातीचा ढीग दिसंल. कानानं शोधा!”

अभयारण्याकडं गेली तर पंचाईत, महामार्गाकडं गेली तर त्याहून, आणि तिसऱ्या बाजूला रेल्वेचा रूळ. आम्ही तिघं पन्नास पन्नास पावलांचं अंतर ठेवून चाललो. तुरीच्या शेंगा अंगाला घासून खडखडत होत्या. प्रत्येक बांधाला मला पक्षी दिसत होता. ढेकूळ पक्षी वाटत होतं, खताचा ढीग पक्षी वाटत होता. तासाभरानं हरभऱ्याच्या वावराच्या कडेला एक उंचवटा दिसला, दहा पावलांवर. मी थांबले. श्वास ऐकू येतोय का ते ऐकलं. मला धीर धरवला नाही. मी मोबाईलची बॅटरी लावली.

दोन डोळे चमकले. ढोलकी उसळून उठली आणि रुळाच्या दिशेनं निघून गेली. तिच्या डाव्या पायावर काहीतरी ओलं चमकलं होतं. मी ओरडत मागं धावले, पाटात पाय गेला, पडले. उठले तेव्हा लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला आणि मी तिथंच चिखलात बसून राहिले. डबे मोजत बसल्यासारखी सगळी गाडी जाईपर्यंत. पुढं काही ऐकू आलं नाही.

शोभा आणि बळीराम धावत आले. मी काय केलं ते सांगितलं. बळीराम रुळाकडं चालायला लागला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“तू घरी जा,” शोभा म्हणाली. “रागावून नाही गं सांगत. तिकडं जाळी उघडी आहे. आत्याबाई एकट्या आहेत.”

उघड्या जाळीत

काकू कोपऱ्यातल्या भगदाडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी रडायच्या बेतात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “रूळ वलांडून गेली का अलीकडंच हाय?”

“माहीत नाही.”

“तर मग म्या जाते. माझा आवाज आन् दाण्याचा डबा वळखती ती.” त्यांनी मला शोभाला फोन लावायला सांगितलं. बळीराम धावत घरी आला, मोटारसायकल काढली आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांसकट काकू मागं बसल्या, मांडीवर मक्याचे दाणे घातलेला तेलाचा रिकामा डबा धरून. जाताना काठी माझ्याकडं दिली. “खुर्ची सोडू नको. कोल्ही येतील.” तोवर त्या मला तुम्ही म्हणत होत्या.

तीन वाजले होते. घरी असते तरी मी याच वेळेला जागी असते.

कोल्हे आले ते आवाज न करता आले. आधी वास आला, मग बांधावर एक आकृती, मग दुसरी. कोल्हा म्हणजे काही वाघ नव्हे, हे मी मुलांना दर वर्षी शिकवते. पण मध्ये जाळी नसली आणि पाठीशी सहा अंडी असली की ते पाठ्यपुस्तक आठवत नाही. मी उभी राहिले, काठी जमिनीवर आपटली. एक मागं सरला. दुसरा वळसा घालून आडव्या पडलेल्या खांबापाशी आला. मी खुर्ची उचलून त्या बाजूला ठेवली आणि काठी फिरवत बडबडायला लागले, जे तोंडाला येईल ते. शाळेच्या हजेरीतली नावं म्हटल्याचं आठवतंय. बापू माझ्या मागं चार हातांवर होता. त्याचा हुंकार यायचा आणि माझ्या पाठीच्या कण्यातून जायचा. आम्ही दोघांनी मिळून त्यांना रोखलं असं मला म्हणायला आवडेल. खरं तर पहाटवारा सुटला आणि ते कंटाळून निघून गेले.

ते गेल्यावर शांत झालं तेव्हा ऐकू आलं. बारीक शिट्टी. थांबून थांबून. मला वाटलं एखादा किडा असेल. मी खाली बसले, कान जमिनीजवळ नेला. शिट्टी बापूच्या खालून येत होती. अंड्यांच्या आतून. बापूनं मान वळवून चोच पोटाखाली नेली आणि अगदी हलक्या आवाजात घशातून काहीतरी म्हटलं. शिट्टी थांबली. पुन्हा सुरू झाली, या वेळी दोन.

मला कुणाला तरी हे सांगायचं होतं आणि तिथं कुणीच नव्हतं.

उजाडल्यावर बांधावर पाच आकृत्या दिसल्या. डोळे चोळले तर चार. पुढं शोभा डबा वाजवत. तिच्या मागं काशीकाकू, बळीरामच्या खांद्यावर एक हात. आणि काकूंचा दुसरा हात ढोलकीच्या पाठीवर. ढोलकी लंगडत होती, तीन पावलं टाकून थांबत होती, आणि ती थांबली की काकूही थांबत होत्या.

रुळापलीकडं दोन शेतं टाकून ती सापडली होती. काकूंनी रेल्वेच्या फाटकापाशी बसून डबा वाजवला, गप्प बसल्या, पुन्हा वाजवला. तासभर. मग पहाटे अंधारातून दुम् असं उत्तर आलं. मोटारसायकल फाटकापाशीच ठेवली आणि सगळे चालत आले. काकूंचे गुडघे भोपळ्याएवढे सुजले होते. बळीरामनं आईला बाजेवर निजवलं, चहाही न पिता पहार घेऊन कोपऱ्यात गेला आणि खांबासाठी खड्डा खणायला लागला. दुपारी तो गावातून नवी जाळी घेऊन आला. सोलापूरच्या माणसाचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

रविवार

सहांपैकी तीन अंडी फुटली. दोन शनिवारी संध्याकाळी, तिसरं रात्री कधीतरी, आमच्या नकळत. पिवळट अंगावर तपकिरी पट्टे असलेली पिल्लं, ओंजळीएवढी, आणि बाहेर आल्यावर तासा-दोन तासांत धडपडत उभी. बापू उठला तेव्हा त्याचे पाय थरथरत होते, पाठीची हाडं दिसत होती. तो पाण्याच्या घमेल्यापाशी गेला आणि इतका वेळ प्यायला की शोभा घाबरली.

मग ढोलकी आली. पायाला काकूंनी हळद-तेलाची पट्टी बांधली होती. ती लंगडत पिल्लांकडं गेली, मान खाली घालून बघायला लागली. बापूनं पाण्यातून डोकं काढलं, पिसं फुलवली आणि तिच्या अंगावर धावून गेला. एक लाथ तिच्या छातीवर बसली. ती मागं हटली, पुन्हा पुढं आली. त्यानं पुन्हा मारलं.

“अरे, आई आहे ती!” मी जाळीला धरून ओरडले.

मला हे माहीत होतं, तरी ओरडले. नर पिल्लं वाढवतो आणि मादीलासुद्धा जवळ येऊ देत नाही, असं मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं एवढंच. बळीरामनं उरलेल्या जाळीनं मध्ये आडोसा घातला. आता एका बाजूला बापू आणि तीन पिल्लं, दुसऱ्या बाजूला ढोलकी.

माझ्या गाडीची वेळ झाली होती. शोभानं वाटेसाठी धपाटे आणि दही बांधून दिलं होतं. निरोप घ्यायला मागं गेले तर काकू ढोलकीच्या बाजूला जमिनीवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही असं बजावलं होतं. त्यांच्या हातात मक्याचे दाणे होते. ढोलकी आडोशाला छाती टेकून उभी होती, पलीकडं बघत. तिनं गळा फुगवला आणि वाजवलं. एक पिल्लू चालता चालता थबकलं, आवाजाकडं वळलं. बापूनं हुंकार दिला. पिल्लू त्याच्या पायांत शिरलं.

“काकू, निघते मी. उठा, गुडघे दुखतील.”

“बस जरा,” त्या म्हणाल्या. “खायना ती.”

मी बसले. शोभानं पुढच्या दारातून दोनदा हाक मारली. काकूंनी हात तसाच पुढं धरलेला.

“हिनं काय बी वाईट केलं न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यानं बी न्हाय. पर हिला कोण सांगावं?”

मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांच्या हातातले निम्मे दाणे माझ्या हातात घेतले. गाडी गेल्याचा भोंगा स्टेशनाकडून आला तेव्हा ढोलकीनं मान वळवली, आमच्या दोघींच्या हातांकडं पाहिलं आणि काकूंच्या तळहातावरचा एक दाणा उचलला.